क्लिक झालं, कुरडई मोडली!

परवा रात्री साडेअकराला मोबाइल वाजला. एवढ्या उशिरा मला दोघंच फोन करतात. कॉपी कुठे अडकली म्हणून विचारणारे एडिटर, नाही तर खामगावची माझी मावसबहीण. या वेळी बहीण होती.

"ताई, झोपलीस?"

"हो."

"बरं, मग झोपेतच ऐक. पाचशेवी ऑर्डर आली!"

मंडळी, ही तीच पोरगी. अकरा महिन्यांपूर्वी अशाच अवेळी फोन करून तिने मला सांगितलं होतं, की हिंजवडीतला जॉब सोडला, वाकडची पीजी सोडली, आता खामगावला जाऊन ऑनलाइन शॉप टाकते. काय विकणार? तर मावशीच्या हातच्या कुरडया, बिबड्या, शेवया आणि सांडगे. मी उडालेच. पुण्याचा एसीतला जॉब सोडून कुरडया? मावशीची रिअॅक्शन तर त्याहून भारी होती. "काऊन व पोरी, माह्या कुरडया विकून तू का बंगला बांधशीन?"

काका शांत होते. त्यांनी डील टाकलं. एक वर्ष. वर्षभर घरात कोणी स्थळाचा विषय काढणार नाही, कोणी टोमणा मारणार नाही. वर्षानंतर जमलं नाही, तर गुपचूप पुण्याची बस. भांडवल तिचं स्वतःचं, नोकरीतून साठवलेले दीड लाख. त्यातले बरेचसे पहिल्या दोन महिन्यांतच गेले. कारण कुरडया-बिबड्या काही ऑर्डर आली की करायच्या नसतात. ऊन असतं तेव्हा, म्हणजे मार्च ते मे, वर्षभराचा माल करून ठेवायचा असतो. गल्लीतल्या चार बायका कामाला लावल्या, त्यांना अर्धी मजुरी आधीच दिली, गहू-ज्वारी आणली. जूनमध्ये पहिला पाऊस पडला तेव्हा तिच्याकडे एक खोलीभर माल होता आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं.

तर आजचा कॉलम आहे ऑनलाइन दुकान टाकण्यावर. तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोक्यात हा किडा वळवळतोय, हे तुमच्या मेल्सवरून मला माहीत आहे. "साइट कशी बनवू?" हा तुमचा फेव्हरिट प्रश्न. उत्तर सांगून टाकते. साइट एका वीकेंडला बनते. रेडिमेड टेम्प्लेट घ्या, फोटो टाका, यूपीआय जोडा, संपलं. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

खामगावला ऑनलाइन ऑर्डर? १८७० साली!

बुलढाणा जिल्हा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मित्रांना शेगावचे गजानन महाराज आणि लोणारचं सरोवर आठवतं. फार तर सिंदखेड राजा, जिजाऊंचं जन्मगाव. तेरा तालुके, काही घाटावर, काही घाटाखाली. खुद्द बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव मेन लाइनवर, आणि खामगावला जलंबहून निघणारा एक छोटासा फाटा. "इथून कसला डोंबलाचा ऑनलाइन बिझनेस होणार?" असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

पण हा छोटासा फाटा का टाकला, माहिती आहे? कापसासाठी. १८७० मध्ये ही लाइन सुरू झाली तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला होता. रेल्वेबरोबर आली तार. त्याच्या आदल्याच वर्षी सुवेझचा कालवा खुला झालेला. झालं काय, की लिव्हरपूलचा व्यापारी तिकडून तारेने वऱ्हाडातल्या कापसाची ऑर्डर देऊ लागला आणि साधारण सहा आठवड्यांत गाठी त्याच्या धक्क्यावर उतरू लागल्या. त्यातला मुंबई ते लिव्हरपूल हा बोटीचा प्रवास २१ दिवसांचा. म्हणजे माल न बघता, माणूस न भेटता, तारेवरून ऑर्डर आणि पार्सल घरपोच. याला आणखी काय म्हणायचं असतं, यार?

ही गोष्ट मी बहिणीला सांगितली तेव्हा ती जाम खूश झाली. "म्हणजे आपल्या गावाच्या ब्लडमध्येच आहे हे!"

थांब, म्हटलं, पुढचं ऐक. ऑर्डर तारेने यायची ती कोणाकडे? शेतकऱ्याकडे नाही. मोठ्या निर्यात कंपन्यांच्या एजंटांकडे. फोलकार्टसारख्या स्विस कंपनीने खामगावात बस्तान बसवलं होतं. प्रेस त्यांच्या, लिव्हरपूलचा भाव आधी त्यांना कळणार, आणि गिऱ्हाइकाचं नाव-गावही त्यांच्याच वहीत. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, तिकडचा कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला आणि इथले चढलेले भाव खाली आले. का आले, हे कापूस पिकवणाऱ्याला कोणी समजावून सांगितलं नाही. ऑर्डर लांबून येत होती खरी, पण गिऱ्हाईक त्याचं नव्हतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा लागणार आहे.

काय विकायचं? जे प्रवास करतं ते!

आता दुसरं गाव, शेगाव. खामगावपासून हाकेच्या अंतरावर. शेगावची कचोरी खाल्ली नसेल तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी ती खाऊन या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शेगाव स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली. इंटरनेट नव्हतं, पण लाइन होती, हावडा-मुंबई रेल्वेची. येणारा-जाणारा प्रवासी आणि महाराजांच्या दर्शनाला आलेला भाविक हेच मार्केटिंग. आज पुण्यातसुद्धा 'शेगाव कचोरी'च्या पाट्या दिसतात. एवढा जबरदस्त ब्रँड! तरीही कचोरीचा धंदा वाढला तो मुख्यतः ठिकठिकाणी कढया लावून, पार्सलं पाठवून नाही. का? कारण कचोरी गरम खायची असते. तीन दिवस कुरिअरच्या गोडाऊनमध्ये बसलेली कचोरी ही कचोरी राहत नाही.

म्हणून पहिला फंडा: तुमच्याकडची सगळ्यात फेमस गोष्ट ही ऑनलाइन विकायला सगळ्यात चांगली गोष्ट असेलच असं नाही.

खामगावची दुसरी ओळख चांदी. शुद्ध चांदीसाठी लोक लांबून येतात, गावाला रजतनगरीच म्हणतात. चांदी प्रवासाला एकदम बेस्ट. छोटी, जड, किमती, सडत नाही, मोडत नाही. पण स्क्रीनवर चांदीची शुद्धता दिसते का? इथे गिऱ्हाइकाला हवा असतो पुरावा. बीआयएसने १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सोन्यासारखा एचयूआयडी नंबर दिला, तेव्हा तो ऐच्छिक ठेवला होता. ऐच्छिक असो वा नसो, ऑनलाइन चांदी विकणाऱ्या नव्या माणसाने तो घ्यावाच. पेढीवर तीन पिढ्यांची ओळख काम करते. मोबाइलवर तो नंबर काम करतो. शिवाय पार्सलचा विमा आलाच.

मग कुरडया? टिकतात वर्षभर, हलक्या असतात, शहरातल्या लोकांना करता येत नाहीत आणि खायला मात्र हव्या असतात. बहिणीने हे सगळं एका वहीत लिहिलं होतं. एक्सेलमध्ये पण होतं. त्यात एकच कॉलम नव्हता, 'मोडतात का?'

बावीस पार्सलं

जूनच्या शेवटी पहिल्या बावीस ऑर्डरी गेल्या. बहुतेक माझ्या आणि तिच्या ओळखीतल्या ओळखीतून, काही इन्स्टावरून. आम्ही सगळे एक्साइट. मी तर स्टेटसही टाकलं. पाचव्या दिवशी पहिला फोटो आला. खोक्यात कुरडया नव्हत्याच, भुसा होता. मग दुसरा, तिसरा. बावीसपैकी नऊ ठिकाणी चुरा. चार जणांनी कॅश ऑन डिलिव्हरी मागवलं होतं, त्यांनी दारातूनच पार्सल परत केलं. एकाने तर "मी मागवलंच नव्हतं" म्हणून सांगितलं. परत आलेलं खोकं मावशीने उघडलं आणि डोक्याला हात लावला. "अवं बाई, हे तं पार भुगा झालं ना व!"

त्या रात्री बहीण फोनवर रडली. पैशांसाठी नाही. त्या चार बायकांची उरलेली अर्धी मजुरी द्यायची होती, आणि त्या रोज संध्याकाळी येऊन कौतुकाने विचारत होत्या, "कुठवर गेल्या आपल्या कुरडया?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गणित मांडलं. तुम्हीही मांडा, प्लीज. साइटच्या आधी मांडा.

एक पाकीट, विक्री ३०० रुपये. माल आणि मजुरी १४०. खोका, पिशवी, लेबल २०. कुरिअर ७०. साइटचा किंवा पेमेंटचा खर्च ३०. उरले ४०. वाईट नाही, असं वाटतं ना? आता हेच पार्सल परत आलं तर? जातानाचे ७०, येतानाचे ७०, पॅकिंगचे २०, आणि माल मोडला असेल तर १४०. झाले ३००. म्हणजे परत आलेलं एक पार्सल साडेसात ऑर्डरींचा नफा खाऊन टाकतं! दहा पार्सलांतली दोन परत आली तरी तुम्ही खिशातून पैसे घालून लोकांना कुरडया खाऊ घालताय.

वर आणखी एक बॉम्ब. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, जागा बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. येतील तेवढे किलो. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. तिचा खोका होता ३० बाय ३० बाय १५. करा हिशोब, २.७ किलो. आतला माल एक किलोसुद्धा नव्हता! कुरडई म्हणजे निम्मी हवाच. त्या हवेचं भाडं ती भरत होती, आणि नफ्याचे चाळीस रुपये तिथेच उडत होते.

मग काय केलं?

पहिलं म्हणजे तिने त्या नऊही जणांना फोन केला. मेसेज नाही, फोन. सॉरी म्हटलं, कारण सांगितलं आणि नवीन माल स्वतःच्या खर्चाने पाठवला. त्यातल्या सात जणांनी पैसे परत नको म्हणून सांगितलं. पुण्याच्या एका काकूंनी तर पॅकिंगवर पंधरा मिनिटं लेक्चर दिलं, आणि ते फार कामाचं निघालं.

दुसरं म्हणजे माल बदलला. कुरडईचा आकार ताटाएवढा असतो, तो पुरीएवढा केला. यावर घरात महायुद्ध झालं. "कुरडई ताटभर नसली तं कायची कुरडई?" हा मावशीचा सवाल. पण लहान कुरडई कमी मोडते आणि २० बाय २० बाय १५ च्या खोक्यात बसते. म्हणजे १.२ किलो. निम्म्याहून कमी! बरं, हा प्रॉब्लेम काही फक्त उन्हाळ्यात सुटण्यासारखा नव्हता. मोठ्या कुरडया घरात पडून होत्याच. त्या तिने जवळपास विकल्या, खामगाव, शेगाव, अकोल्यात, हातोहात. लांबच्या ऑर्डरीला आधी शेवया आणि सांडगे पाठवले, कारण ते पडले-आपटले तरी शेवया आणि सांडगेच राहतात. लहान कुरडया दिवाळीनंतरच्या उन्हात झाल्या, थोड्याशा.

तिसरं म्हणजे एकेक पाकीट विकणं बंद केलं. आता चार गोष्टींचा एक बॉक्स, ९०० रुपये. माल-मजुरी ४२०, खोका ४०, कुरिअर ११०, पेमेंट २०. उरतात ३१०. कुरिअरचं भाडं पाकिटामागे पडलं की धंदा बुडतो, बॉक्समागे पडलं की तरतो. एवढं साधं आहे.

चौथं, कॅश ऑन डिलिव्हरी. हे प्रकरण २०१० मध्ये फ्लिपकार्टने देशभर पॉप्युलर केलं, कारण तेव्हा लोक कार्ड टाइप करायला घाबरायचे. आता चहाच्या टपरीवर यूपीआय आहे. तरी लहान गावांतली आणि वयाने मोठी मंडळी अजून हातात पार्सल घेऊनच पैसे देतात, त्यांना नाही म्हणता येत नाही. तिने मधला मार्ग काढला. सीओडी ऑर्डर आली की माल पाठवण्याआधी फोन. "काकू, खामगावहून बोलतेय, पाठवू ना?" या एका वाक्याने परत येणारी पार्सलं जवळजवळ थांबली. आणि आधी पैसे भरले तर तीस रुपये कमी. तीसच. पण लोक भरतात.

आणि कुरिअर जिथे पोचत नाही, तिथे आपलं पोस्ट आहेच. मेळघाटाच्या पायथ्याच्या गावात राहणाऱ्या एका मास्तरांना तिचा बॉक्स पोस्टमननेच नेऊन दिला.

कागदपत्रं: बोअर आहे, पण वाचा

हा भाग मी पटकन उरकते, कारण तुम्ही जांभया देताय ते दिसतंय.

खाण्याची कुठलीही गोष्ट विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी हवीच, घरातून विकलं तरी. तिचा नंबर पाकिटावर छापायचा. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी नंबर असलाच पाहिजे. ऑनलाइन खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तेव्हा त्याच्या एकूण आयुष्यातलं ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत, असाही नियम आहे. उद्यम नोंदणी फुकट होते, सरकारी पोर्टलवर. त्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, बिनधास्त बंद करा.

जीएसटीचं थोडं ट्रिकी आहे. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की ही सूट साधारणपणे लागू होत नाही. मार्केटप्लेसवरून विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात विकायला त्यातून सवलत मिळाली, पॅन आणि एनरोलमेंट नंबर घेऊन. पापडावर जीएसटी शून्य आहे, पण प्रत्येक पदार्थाचं तसं नाही. म्हणून एकदा सीएकडे जा, एक तासाची फी द्या. बहिणीने पहिलं वर्ष ठरवूनच फक्त महाराष्ट्रात विकलं. बेंगळुरूच्या मैत्रिणी रुसल्या, रुसू देत.

रिटर्न पॉलिसी, तुमचं खरं नाव, पत्ता, तक्रार कोणाकडे करायची, हे साइटवर स्पष्ट लिहा. २०२० च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक नियमांचा गाभाही हाच आहे: कोण विकतंय ते लपवायचं नाही.

गिऱ्हाईक कोणाचं?

आता परत १८७० ला चला.

ऑगस्टमध्ये बहिणीने एका मोठ्या मार्केटप्लेसवर दुकान उघडलं. ऑर्डरी धडाधड आल्या. ती हवेत. मग एके दिवशी लिस्टिंग अचानक दिसेनासं झालं. काहीतरी फोटोचा की कॅटेगरीचा घोळ. दहा दिवस मेल-मेल खेळण्यात गेले. लिस्टिंग परत आलं, पण त्या दहा दिवसांत तिच्या लक्षात आलं, की तिच्याकडून शेवया घेतलेल्या इतक्या लोकांपैकी एकाचाही नंबर तिच्याकडे नाही. बहुतेक मार्केटप्लेसवर तो मिळतच नाही. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, गिऱ्हाईक त्यांनी आणलंय. पण मग तुम्ही कोण? खामगावचा कापूस पिकवणारा!

मी असं म्हणत नाही की मार्केटप्लेसवर जाऊ नका. जा ना! तिथे गर्दी आहे, विश्वास आहे, पेमेंटचं टेन्शन नाही. सरकारने उभं केलेलं ओएनडीसीचं नेटवर्कही आहे, जिथे एका अॅपवरचा विक्रेता दुसऱ्या अॅपवरच्या गिऱ्हाइकाला दिसतो. सगळं ट्राय करा. पण त्याला यात्रेतला स्टॉल समजा. यात्रेत ओळख होते, दुकान आपल्या गल्लीत असावं. तिची गल्ली म्हणजे एक साधी साइट, एक व्हॉट्सअॅप बिझनेस नंबर आणि एक लाल रजिस्टर. हो, रजिस्टर! प्रत्येक थेट गिऱ्हाइकाचं नाव, गाव, काय आवडलं, काय मोडलं, पुढच्या वेळी काय हवं म्हणाले. मी हसले होते त्या रजिस्टरला. आता नाही हसत.

फ्लिपकार्टची एक गोष्ट मला इथे आठवते. २००७ मध्ये त्यांची पहिली ऑर्डर आली ती कुठल्या मेट्रोमधून नाही, तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगरहून. एक पुस्तक हवं होतं, आणि ते मिळेना. तर सचिन बन्सल यांनी बेंगळुरूची दुकानं पालथी घालून ते शोधलं आणि पाठवलं. पुढे ही कंपनी केवढी झाली ते सोडा. पहिल्या गिऱ्हाइकासाठी पाय झिजवावे लागतात, हे त्यातलं घेण्यासारखं.

क्विक टिप्स

• आधी दहा पार्सलं मित्रांना पाठवा आणि त्यांना खोका जोरात आपटायला सांगा. मग साइट बनवा.

• नफा मोजण्याआधी परत आलेल्या पार्सलचा खर्च मोजा.

• खोका मालाच्या मापाचा घ्या. हवेचं भाडं भरू नका.

• फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ. एक फोटो हातात धरून, म्हणजे आकार कळतो. फोटोत ताटाएवढी आणि खोक्यात पुरीएवढी, असं नको.

• घरचा खर्च आणि दुकानाचा खर्च, बँक खाती वेगळी. पहिल्या दिवसापासून.

• मदत करणाऱ्यांची मजुरी नफ्यातून नाही, खर्चातून धरा. स्वतःचीही.

• तारीख ठरवा. एक वर्ष, दीड वर्ष, जे काय असेल ते. भेंडवळच्या घटमांडणीत पावसाचं आणि पिकांचं भाकीत ऐकायला अख्खा जिल्हा जमतो, पण तुमच्या दुकानाचं भाकीत तुमच्या वहीतच आहे. दर महिन्याला उघडून बघा.

तर, पाचशेवी ऑर्डर

तुम्ही विचाराल, मग बंगला बांधला का? नाही हो. अकरा महिन्यांत पाचशे ऑर्डरी झाल्या. सगळा खर्च, मोडतोड, मजुरी वजा जाता तिला स्वतःला सुटले ते पुण्याच्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढे. चार बायकांचे पैसे चुकते झालेत, ते तिने सगळ्यात आधी दिले. पण पगाराच्या हिशोबाने बघितलं तर ती अजून मागेच आहे, आणि काकांचं एक वर्ष संपायला महिना उरलाय.

म्हणून परवा मी फोनवर जरा घाबरतच विचारलं, "मग? पुण्याची बस?"

"अगं, ऐक तर. पाचशेवी ऑर्डर कोणाची माहितीये? त्या लेक्चरवाल्या काकूंची. चुरा गेला होता ना, त्या! चौथ्यांदा मागवलंय त्यांनी. आणि सोबत त्यांच्या सोसायटीतल्या सहा जणींची नावं."

"आणि काका काय म्हणाले?"

"बाबा? काही नाही म्हणाले. जेवताना मावशीला, म्हणजे आईला गं, झोपेत मीच गडबडले, आईला म्हणाले, नवी ज्वारी आली की दोन पोती जास्त घेऊन ठेवतो, मागून भाव वाढते."

मावशी त्यावर काय बोलली, तेही विचारलं मी. ती म्हणे एवढंच बोलली, की या वर्षी थोड्या कुरडया तरी ताटाएवढ्या करणार. घरच्यासाठी.

तुमचं काय चाललंय? कुठल्या गावाहून काय विकताय, काय मोडलं, काय जमलं, मला नक्की कळवा. आणि हो, साइट कशी बनवू हे मात्र विचारू नका!